विजयी मल्लांच्या नामावल्या व त्यांचे प्रामाण्य

१. प्रास्ताविक

आमच्या जालना शहरी इ. स. २०१८ च्या डिसेंबरात 'महाराष्ट्र केसरी' या किताबाच्या कुस्त्या झाल्या. ता. २३ डिसेंबर रोजी अंतिम जोड लागली, आणि तीत बुलढाण्याच्या वतीने उतरलेले बाला रफिक शेख यांनी आदल्या वर्षीचे विजेते अभिजित कटके यांना ११–३ अशा गुणांनी हरवून मानाची गदा मिळविली. त्या दिवशी आम्हीही प्रेक्षकांत होतो. घरी परतल्यावर, शिक्षकी पेशात जडलेल्या सवयीस अनुसरून, आम्ही हा निकाल टिपणवहीत उतरून ठेविला. पुढे ही नोंद एका स्नेह्यास दाखविली असता त्यांनी तात्काळ हरकत घेतली. हा मल्ल मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा असता तुम्ही त्यास बुलढाण्याचा कसा म्हणता, असा त्यांचा प्रश्न होता. विचार करता असे दिसून आले की दोघांचेही म्हणणे खरे होते. आम्ही लिहिला तो मल्लाने ज्याचे प्रतिनिधित्व केले तो जिल्हा. स्नेही सांगत होते तो त्याच्या जन्मभूमीचा जिल्हा. रकाना एक आणि अर्थ दोन, त्यामुळे हा घोटाळा झाला.

डोळ्यांदेखत घडलेल्या व हजारोंनी पाहिलेल्या गोष्टीच्या नोंदीत असा संदेह उत्पन्न होतो, तर शंभर वर्षांपूर्वीच्या मल्लांविषयी आपण जे सांगतो त्याचे प्रामाण्य काय? या प्रश्नाने आम्हांस प्रस्तुत लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. थोर खेळाडूंचा चिरंतन सन्मान करण्यासाठी परदेशी 'हॉल ऑफ फेम' नावाच्या संस्था स्थापन झाल्या आहेत. त्यांस आपण 'कीर्तिमंदिर' म्हणू. आपल्याकडेही अशी मंदिरे असावीत अशी इच्छा अधूनमधून प्रकट होते. ती योग्यच आहे. परंतु मंदिर बांधण्यापूर्वी आत कोणाची नावे कोरावयाची, आणि ती कोणत्या आधारावर, हे ठरले पाहिजे. तो आधार जुळविण्याचे काम आमच्या मते या त्रैमासिकाच्या वाचकांचे, म्हणजे जुने कागद जमविणारांचे आहे.

२. नामावलीचे सामर्थ्य व तिचे दोष

खेळाडूंच्या कीर्तीचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उदाहरण ग्रीस देशाचे आहे. ऑलिंपिया येथील शर्यतींचा पहिला ज्ञात विजेता एलिस प्रांताचा कोरोइबोस नावाचा एक स्वयंपाकी होय, आणि त्याच्या विजयाचे वर्ष परंपरेने ख्रि. पू. ७७६ धरितात. क्रोटोन नगरीच्या मिलो या मल्लाने ऑलिंपियास सहा वेळा विजय मिळविला, हेही सर्वश्रुत आहे. ऑलिंपियाच्या आवारात विजेत्यांचे पुतळे उभे होते आणि पॉसेनियस या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ते पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेविले. आज त्या पुतळ्यांपैकी बहुतेक सर्व नष्ट झाले आहेत. नावे मात्र राहिली, कारण विजेत्यांच्या याद्या ग्रंथकारांनी एकामागून एक उतरून घेतल्या. युसेबियसाच्या कालगणनेच्या ग्रंथात धावण्याच्या शर्यतीतील विजेत्यांची अशी यादी आपणांस अद्यापि पाहावयास मिळते.

परंतु संशोधकाने येथे थांबता कामा नये. ही यादी प्रथम संकलित केली ती हिप्पियस नावाच्या पंडिताने, आणि तीही ख्रि. पू. ४०० च्या सुमारास, म्हणजे पहिल्या विजयानंतर पावणेचारशे वर्षांनी. प्लूटार्क या चरित्रकाराने तेव्हाच शंका काढिली होती की ही यादी उशिरा तयार झाली असून तिला विश्वसनीय आधार नाही. तात्पर्य, दगड व धातू यांहून कागद अधिक टिकतो. पण कागदही घटनेच्या जवळचा असावा लागतो. उशिरा केलेली नामावली म्हणजे बहुधा सांगोवांगीचे संकलन होय.

३. आपल्या ग्रंथांतील मल्ल

मल्लांचा सत्कार आपल्याकडे नवा नाही. महाभारताच्या विराटपर्वात ब्रह्मदेवाच्या उत्सवासाठी नाना दिशांहून मल्ल जमतात, जीमूत नावाचा मल्ल सर्वांस आव्हान देतो, आणि बल्लवाच्या वेषातील भीम त्यास मारितो. त्यावर विराट राजा संतुष्ट होऊन त्यास विपुल धन देतो. उत्सवाचा मेळा, आव्हान, जोड व राजाचे पारितोषिक हा जो क्रम येथे दिसतो, तोच आजही आमच्या खेड्यांतील यात्रांत दिसतो.

शास्त्रीय विवेचन पाहावयाचे असल्यास कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ पाहावा. याची रचना इ. स. ११३० च्या सुमारास झाली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिलेले त्याचे खंड १९२५, १९३९ व १९६१ या साली प्रसिद्ध झाले. त्यातील विनोदविंशतीत 'मल्लविनोद' हे प्रकरण आहे. मल्लांच्या ज्येष्ठक, अंतरज्येष्ठक व गोवल अशा श्रेणी, त्यांचा आहार आणि त्यांचे निरनिराळे श्रम, म्हणजे व्यायाम, यांचे वर्णन तेथे सापडते. त्यांतील स्तंभश्रम पाहून आजच्या मल्लखांबाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. विजयी मल्लास वस्त्रे, अलंकार व धन देऊन गौरवावे असेही राजास सांगितले आहे.

येथे एक लक्षणीय गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. या चालुक्य राजांची बिरुदेच मल्लशब्दांत होती. पहिला सोमेश्वर आहवमल्ल, त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य त्रिभुवनमल्ल, आणि मानसोल्लासकार तिसरा सोमेश्वर स्वतः भूलोकमल्ल. या 'मल्लां'ची नावे शिलालेखांत कोरलेली असल्यामुळे आज आपण ती सालवार सांगू शकतो. ज्यांच्या पराक्रमावरून ही बिरुदे निघाली ते आखाड्यातील खरे मल्ल मात्र अनाम राहिले. मानसोल्लास हा विधिपर ग्रंथ आहे. मल्लास कसे पोसावे, कसे लढवावे, कसे गौरवावे हे तो सांगतो. अमुक मल्ल अमुक वर्षी जिंकला हे सांगणे हा त्याचा विषय नव्हे. वीरगळांचीही गत अशीच आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर शिल्प आहे, लेख नाही. वीर कोणी तरी होता एवढे कळते; तो कोण होता हे कळत नाही. सन्मान झाला, पण नाव गेले.

पेशवाईच्या अखेरीकडे आलो म्हणजे एक नाव हाती लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबविद्येचे प्रवर्तक मानिले जातात. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली व गुलाब नावाच्या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारिले, सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासना करून मारुतिरायाकडून विद्या मिळविली, आणि परत येऊन विजय संपादन केला अशी कथा तालमींतून सांगतात. कथा सुंदर आहे आणि तिचा गाभा खरा असण्याचा संभव आम्ही नाकारीत नाही. तथापि स्तंभश्रम जर बाराव्या शतकातील ग्रंथात आहे, तर बाळंभटदादांनी मल्लखांब 'निर्माण' केला असे न म्हणता त्याचे 'पुनरुज्जीवन' केले असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मौखिक परंपरा आदराने ऐकावी व ग्रंथाच्या कसोटीस लावावी, एवढाच याचा अर्थ.

४. कीर्तिमंदिराची रचना

आता परदेशी कीर्तिमंदिरांचे कार्य कसे चालते ते थोडक्यात सांगतो. यांपैकी पुष्कळांस आदर्शभूत झालेली संस्था म्हणजे अमेरिकेतील कूपर्सटाउन या लहान गावातील बेसबॉल या खेळाचे कीर्तिमंदिर. त्याची पहिली निवड १९३६ साली झाली व इमारत १९३९ साली उघडली. पहिल्या निवडीत २२६ मतदार होते. प्रवेशास तीनचतुर्थांश, म्हणजे १७० मते आवश्यक होती. टाय कॉब यांस २२२ मते पडली व एकंदर पाच खेळाडू निवडले गेले. ऐंशीहून अधिक वर्षांनंतर हे आकडे आम्ही जालन्यात बसून लिहू शकतो, यातच त्या संस्थेचे मर्म आहे. तिने निवड केली आणि निवडीचा कागदही जपला.

अशा संस्थांचे सामान्यतः चार नियम दिसतात. खेळाडू निवृत्त झाल्यावर काही वर्षे लोटल्याखेरीज त्याचा विचार करावयाचा नाही, हा पहिला. याचे कारण उघड आहे: टाळ्यांचा आवाज विरल्यावर जे उरते तेच मोजावयाचे असते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाचे कीर्तिमंदिर २००९ साली सुरू झाले, आणि त्या पहिल्याच वर्षी सुनील गावसकर यांचे नाव त्यात आले. सचिन तेंडुलकर मात्र २०१३ साली निवृत्त झाले व त्यांचा प्रवेश २०१९ साली झाला. निवड जाणकारांनी करावी, एका धन्याच्या मर्जीने ती होऊ नये, हा दुसरा. बहुमत साधे नसून मोठे असावे, हा तिसरा. चौथा नियम आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मंदिरास जोडून ग्रंथालय व वस्तुसंग्रह असावा, ज्यायोगे कोरलेल्या प्रत्येक नावामागील पुरावा कोणासही तपासता येईल.

यावरून पारितोषिक, पुरस्कार व कीर्तिमंदिर यांतील भेद ध्यानी येईल. पारितोषिक एका लढतीचे असते. गदा, ढाल, चांदीचे कडे किंवा फेटा हे त्याचे रूप. पुरस्कार काही वर्षांच्या कामगिरीबद्दल मिळतो. केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आणि आपल्या राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९६९–७० पासून चालू आहे. तो मिळविण्यासाठी बहुधा अर्ज व प्रमाणपत्रे लागतात. कीर्तिमंदिर मात्र संपूर्ण आयुष्याचा निवाडा करिते, आणि ज्याच्याविषयी निवाडा करावयाचा तो हयात असेलच असे नाही. म्हणून तेथे पुराव्याचे ओझे खेळाडूवर नसून संशोधकावर असते.

५. विलंबित सन्मानाची दोन उदाहरणे

कराडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात त्यांस सहावे स्थान मिळाले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते १४ ऑगस्ट १९८४ रोजी निवर्तले. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला, तो २००० सालचा. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या आखाड्यास त्यांचे नाव देण्यात आले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन ठरविला. विजय आणि अर्जुन पुरस्कार यांत जवळजवळ अर्धे शतक गेले.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या सैनिकाने १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकात ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांस मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. ती पाहण्यास ते हयात होते, ही समाधानाची गोष्ट.

या दोघांचा सन्मान उशिरा का होईना झाला, याचे एक कारण असे की त्यांचे विजय आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या छापील निकालांत नोंदलेले होते. विस्मरण झाले तरी कागद नाहीसा झाला नव्हता. आमच्या जालन्याचे विजय झोल यांनी २०११ साली एकोणीस वर्षांखालील क्रिकेट सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, ही गोष्टही शंभर वर्षांनी कोणी नाकारू शकणार नाही, कारण क्रिकेटला धावपुस्तक असते. यात्रेतील कुस्तीला धावपुस्तक नाही. हलगी वाजते, जोड लागते, कोणी चीतपट होतो, इनामाची रक्कम हाती पडते, फेटा बांधला जातो, आणि संध्याकाळी मैदान मोकळे होते. ज्याने ते पाहिले तो जिवंत आहे तोवर ती कुस्ती जिवंत असते.

६. नामावलीतील पाठभेद

महाराष्ट्र केसरी किताबाची परंपरा १९६१ साली औरंगाबादेस सुरू झाली असून पहिले विजेते सांगलीचे दिनकर दह्यारी होत. ही नामावली आज सर्वत्र उद्धृत होते. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरात कुस्तीच्या संघटनांतील वादामुळे याच किताबाच्या दोन निरनिराळ्या स्पर्धा झाल्या. पुण्याजवळील फुलगाव येथे सिकंदर शेख विजयी झाले, तर धाराशिव येथे शिवराज राक्षे. एकाच महिन्यात, एकाच बिरुदाचे, दोन धनी! हस्तलिखितांच्या संपादकांस ही अवस्था चांगली परिचित आहे. दोन प्रतींत दोन पाठ आढळले म्हणजे आपण एक खोडून दुसरा ठेवीत नाही. दोन्ही देतो आणि प्रतीची खूण सांगतो. नामावली करणारानेही येथे हेच करावे. यांपैकी कोणती गदा खरी हे ठरविणे आमचे काम नव्हे. उद्या एखाद्या यादीत यांपैकी एकच नाव कारण न देता छापले गेले तर पन्नास वर्षांनी होणारा घोटाळा टाळणे, हे मात्र आमचे काम आहे.

याच वर्षीच्या मार्चात सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी पहिल्या मानकरी ठरल्या. ही नामावली नुकतीच आरंभलेली आहे. हिच्या बाबतीत हिप्पियसाची वाट पाहण्याचे कारण नाही.

७. आमच्या हातून घडलेला प्रमाद

उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा एक अपराध कबूल करणे उचित होईल. आम्ही ज्या शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले तेथील व्यायामशाळेच्या भिंतीवर एक फलक रंगविलेला होता. कुस्ती, कबड्डी व मल्लखांब यांत जिल्ह्यात व विभागात नाव मिळविलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यावर सालवार होती. इमारतीची डागडुजी निघाली तेव्हा भिंतीस चुना देण्याचे ठरले. त्या कामावर देखरेख आमचीच होती. फलक उतरून घ्यावा असे आमच्या मनात आले व आम्ही एका दुपारी वही घेऊन बसलोही. वरच्या निम्म्या ओळी उतरल्या, तास झाला, आम्ही उठलो. उरलेले उद्या करू असे म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पांढरी होती.

पुढे त्यांतील एक विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला, नातवाचे बोट धरून आला व आपले नाव कोठे होते ते दाखवू लागला. त्याचे नाव खालच्या निम्म्या भागात होते. आम्ही त्यास वही दाखविली नाही. दाखविण्यासारखे तीत काही नव्हते. संस्कृत व्याकरणातील सूत्रांचे पाठभेद शोधीत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास स्वतःच्या शाळेच्या भिंतीवरील वीसपंचवीस ओळी उतरून घेणे साधले नाही, याची लाज आम्हांस अजून वाटते.

८. संग्राहकांस विनंती

जालना जिल्हा ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. घनसावंगी तालुक्यातील जांब हे त्यांचे गाव. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे दृश्य या मुलखात आजही दुर्मिळ नाही. अशा तालमींतून, जुन्या वाड्यांतील दप्तरांतून व मल्लांच्या वारसांच्या पेट्यांतून पुढील साहित्य मिळण्याजोगे आहे: मल्लांस दिलेल्या इनामाच्या व नेमणुकीच्या सनदा, तालमीच्या वर्गणीच्या वह्या, यात्रांतील कुस्त्यांची जाहिरातपत्रके, पंचांनी जोडी लावताना केलेल्या याद्या, मागील बाजूस नावे लिहिलेली छायाचित्रे, आणि नाव व साल कोरलेल्या गदा, ढाली व कडी. बखरीचे पान मिळाले तर आपण ते जपतो. गुलाबी कागदावरील कुस्त्यांचे जाहिरातपत्रक मात्र पुडीस जाते. वस्तुतः त्यावर तिथी, गाव, मल्लांची नावे, इनामाची रक्कम व कधीकधी वस्तादांची नावेही असतात. एवढी माहिती कित्येक सनदांतही नसते.

नोंद करिताना मल्लाचे नाव, जन्मगाव, ज्याच्या वतीने तो लढला तो जिल्हा वा संस्थान, वस्ताद, तालीम, प्रतिस्पर्धी, स्थळ, तिथी व निकाल यांस स्वतंत्र रकाने असावेत. निकाल चीतपटीचा, गुणांचा की बरोबरीचा हे स्पष्ट लिहावे. शेवटच्या रकान्यात आधार द्यावा व तो लेखी, प्रत्यक्षदर्शी की ऐकीव हे सांगावे. ऐकीव माहिती टाकू नये. ती ऐकीव म्हणूनच ठेवावी. जाहिरातपत्रकावरून जोड ठरली होती एवढेच सिद्ध होते, कुस्ती झाली व अमुक जिंकला हे सिद्ध होत नाही, याचाही विसर पडू नये. बडोद्यास द. चिं. मजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढून या विषयाचा पाया घातला आहे. त्यावर जिल्हावार नामावल्यांची रचना करणे हे पुढील पिढीचे काम होते, ते आता आपल्यावर येऊन ठेपले आहे.

कीर्तिमंदिरे बांधली जातील, त्यांचे समारंभही होतील. त्या प्रसंगी भिंतीवर कोरण्यासाठी खात्रीची नावे मागितली जातील, तेव्हा ती आपल्या दप्तरांतून देता आली पाहिजेत. आम्ही आमच्या वहीतील निम्म्या ओळींपासून आरंभ केला आहे, आणि उरलेली नावे त्या त्या घरी जाऊन विचारीत आहो. आजवर अकरा मिळाली. ज्या वाचकांच्या संग्रही आमच्या जिल्ह्यातील तालमींचे काही कागद असतील त्यांनी त्यांच्या नकला संपादकांमार्फत पाठविण्याची कृपा करावी; मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहावेत.